बांगडीचं माप

अम्मा, घराला रंग द्यायचा म्हणून आज तुझी बांगड्यांची पेटी माळ्यावरून खाली काढली. कडी गंजली आहे, पण बिजागरी अजून तुझ्यासारखीच कुरकुरते. आत सव्वादोनच्या मापाच्या निळ्या बांगड्यांची एक माळ निघाली, तुझा कात्रीचा जुना डबा निघाला आणि तळाला मीच कधीतरी ठेवलेला एक कागद निघाला. त्यावर वर लिहिलंय, ‘कर्मचाऱ्याची पूर्वीच्या कामाची माहिती’. तो वाचला आणि रंगवाल्याला सांगितलं, आजच्या दिवस बाहेरची भिंत घे. तो हसला. त्याला काय माहीत, मला आज तुझ्याशी बोलायचं होतं. तुला वाचता येत नव्हतं, आकडे तेवढे यायचे, आणि घरात आपण बोलायचो ते वेगळंच, ना धड हिंदी ना धड मराठी. पण मला लिहिता येतं ते मराठीतच, तेव्हा चालवून घे.

आधी जे तुला ठाऊकच आहे ते लिहिते, कारण पुढचं त्यावर उभं आहे. माझा संसार दोन वर्षांत मोडला आणि मी शिरूरला तुझ्याकडे परत आले. तू कुणाला काही सांगत बसली नाहीस, मलाही विचारलं नाहीस. तिसऱ्या दिवशी दुसरी पेटी माझ्या खांद्याला दिलीस आणि म्हणालीस, चल, निमोण्याची गाडी आठला आहे. एसटीत बसल्यावर तू मला धंद्याचा एकच नियम सांगितलास, ‘इस घर की बात उस घर में नै ले जाने की.’ बांगड्या भरायला बसलेली बाई बोलते. हात दुसऱ्याच्या हातात असतो, मान खाली असते, सासू चुलीपाशी असते. अशा वेळी बाई जे कुणाला सांगत नाही ते बांगड्या भरणाऱ्या मणेरणीला सांगते. तू तिच्या तोंडाकडे कधी बघायची नाहीस. अंगठ्याच्या बुडाशी दाबून हात लहान करायचीस, बांगडी चढवायचीस आणि फक्त ‘हं’ म्हणायचीस. गावोगावच्या बायका तुला भाभी म्हणायच्या. माप विचारायची तुला गरज नव्हती. बाई दारातून बाहेर आली की तू माळ हातात घेतलेली असायची. वर्षभरात मलाही ते यायला लागलं आणि मी फार खूश होते स्वतःवर.

निमोण्याच्या खालच्या आळीतली ती सून आठवते ना? तिचा मालक ट्रकवर होता. आदल्या वर्षी हिरवा चुडा हौसेनं भरून घेतलेली ती, त्या दिवशी ओसरीत बसली आणि हळूच म्हणाली, “भाभी, थोड्याच भरा. किती दिस घालायच्यात कुनाला म्हाईत.” मग तिनं सांगितलं. पुण्याला मालकाचं रक्त तपासलं, तो आजार निघाला. तेव्हा त्या आजाराचं नावसुद्धा लोक दार लावून घ्यायचे. तू तिचा हात हातात धरून बसलीस, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी शेजारी बांगड्या माळेत ओवत होते. मग आपण वरच्या आळीच्या बागायतदारांकडे गेलो. तिथे चार बायका जमलेल्या, तू पाणी प्यायला रांजणाकडे गेलीस, आणि घरची मोठी बाई मला म्हणाली, “खालच्या आळीच्या सुनंनं एवढ्याच का गं भरल्या? नवऱ्याचा ट्रक हाय की दारात.” अम्मा, मला अजून माझा तो आवाज ऐकू येतो. कुणी विचारलंय आणि मला माहीत आहे, याची केवढी फुशारकी होती त्यात. नवऱ्यानं टाकलेली म्हणून चार बायका माझ्याकडे तिरक्या बघायच्या. आज त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. मी म्हणाले, “तिच्या मालकाला तो पुण्याचा आजार निघालाय.”

तू परत आलीस तेव्हा बायका गप्प होत्या. तू काही बोलली नाहीस. पुढच्या महिन्यात आपण निमोण्याला गेलो तर त्या सुनेचा तांब्या वेगळा झाला होता, गिरणीवाला तिचं दळण घेत नव्हता. मालकाला दवाखान्यात ठेवलेलं. तिची सासू दारातच उभी राहून तुला म्हणाली, “भाभी, तुमास्नी घरातली मानलं आन् तुमीच आमची गोष्ट फोडली.” मी तुझ्या मागे उभी होते. आता अम्मा म्हणेल की मी नाही, आता मागे वळून माझ्याकडे बघेल, म्हणून मी पेटीचा पट्टा घट्ट धरून ठेवला. तू म्हणालीस, “व्हय. माझ्याच तोंडातनं गेलं. चुकी झाली.” आणि वाकून तिच्या उंबऱ्याला हात लावलास. येताना गाडीत तू एवढंच बोललीस, पेटी नीट धर, आदळेल.

निमोणं सुटलं. तुझं ते धंद्याचं जुनं गाव होतं, सणाच्या आधी दोन दोन दिवस पुरत नसत, तेवढं सगळं सुटलं. मालक गेल्यावर त्या सुनेला माहेरी पाठवली, एवढं आपल्याला बाजारात कळलं. त्यानंतर तू महिन्यातून एकदा केंदूरला जायला लागलीस. शिक्रापूरला उतरून दुसरी गाडी, एवढ्या लांब, आणि तीही एकटीच. मी येते म्हटलं की म्हणायचीस, तिथं गिऱ्हाईक थोडं आहे, दोघींचं काय काम. मी समजले, आता हिचा माझ्यावर भरोसा राहिला नाही. पण तू नक्की काय समजत होतीस ते मला कळेना. तू रांजणापाशी होतीस. तू ऐकलं होतंस का? की तुला खरंच वाटत होतं की कुठेतरी तुझाच शब्द घसरला? तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. चारदा तोंडापर्यंत आलं आणि चारदा चहाबरोबर गिळलं. मग एका दुपारी अंगणात माळा ओवता ओवता तू गेलीस. मांडीवर बांगड्या तशाच होत्या, एकही वाढली नव्हती, फुटली म्हणायचं नसतं ना आपल्यात. लोक म्हणाले, किती सुखाचं मरण. मी मात्र तेव्हापासून एकच विचार करत होते, की माझी चूक स्वतःची समजून गेली का ही?

तू गेल्यावर धंद्यात माझं मन लागेना. पेटी घेऊन ओसरीत बसायचं आणि बाई बोलायला लागली की मी घाईनं बांगड्या चढवून उठायचे. मी आरोग्याचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि काही दिवसांनी दौंडला, स्टेशनच्या अलीकडे एका भाड्याच्या घरात सुरू झालेल्या कामावर लागले. संशोधन होतं, त्याच आजारावर. पुण्याचे लोक त्यात होते, परदेशातले होते, आणि मधले आम्ही. अम्मा, तू तिथं पाच मिनिटं बसली असतीस तर हसून हसून ठसका लागला असता. डॉक्टर मॅडम आधी बाळंतपणं करायच्या. बायका फार उशिरा दवाखान्यात येतात याचा वैताग येऊन इकडे आलेल्या. रक्त काढणारे आणि तपासणारे भाऊ आधी दूध डेअरीत फॅट काढायचे. अख्खं गाव दुधात पाणी घालून वर शपथ घेतं हे बघण्यात उमर गेली, त्यामुळे ते कशावरच एका झटक्यात विश्वास ठेवायचे नाहीत. प्रत्येक नळी दोनदा बघायचे. संगणकावर बसणारे आप्पा आधी कचेरीबाहेर झाडाखाली प्रतिज्ञापत्रं टाइप करायचे. समोरच्या कागदावर असेल ते जसंच्या तसं उतरवायचं, चुकलेलं असलं तरी आपण सुधारायचं नाही, असा त्यांचा बाणा. आणि वर्षातून दोनदा येणारा तो उंच परदेशी पाहुणा, सगळ्या आकड्यांचा जो हिशेब लावायचा, तो म्हणे आधी समुद्रातले मासे मोजायचा. भाऊंनी विचारलं, पाण्यातले मासे मोजतात कसे? मॅडमनी ते इंग्रजीत विचारलं. पाहुणा अर्धा तास सांगत होता, कुणाला काही कळलं नाही.

कामाचे दोन नियम होते. बाईचं नाव वहीत कुठेही लिहायचं नाही, फक्त नंबर. आणि आधी संमती, मग प्रश्न. कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा, बाई हो म्हणाली, तिनं सही केली किंवा अंगठा दिला, की मगच पहिला प्रश्न. मॅडमनी हे आमच्याकडून वीस वेळा घोकून घेतलं. मला मनातून हसू यायचं, आणि रडूही. तुझाच नियम होता तो, फक्त ठसा मारलेला.

सुरुवातीला प्रत्येकाला तो माहितीचा कागद भरायचा होता. आधी काय काम केलं, कुणाकडे शिकलात, घरचे काय करतात. सगळे कागद पाहुण्यांच्या देशात जाणार होते. मी इकडेतिकडे बघितलं. मॅडमच्या कागदाला तर मागे दुसरा कागद जोडावा लागला होता. मी लिहिलं, ‘समाजकार्य’. आणि आईचा व्यवसाय या रकान्यात लिहिलं, ‘गृहिणी’. अम्मा, तुझ्या पायाला भेगा पडल्या होत्या निमोणं, केंदूर आणि कुठकुठची गावं करून, आणि मी तुला एका शब्दात घरी बसवली. लिहिताना हात जराही अडखळला नाही, हे सांगायला आज लाज वाटते.

आता गंमत ऐक. बायका तपासणी करून जायच्या आणि तीन महिन्यांनी परत यायच्या. येताना नंबराची चिठ्ठी आणायची. पण ती चिठ्ठी कोण ठेवणार? नवऱ्याच्या हाती लागेल म्हणून बायका कोपऱ्यावरच फाडून टाकायच्या. मग परत आलेली बाई कोणत्या नंबरची, हे ओळखायचं कसं? मॅडम वैतागायच्या. मी मात्र बरोबर सांगायचे, ही चौदा नंबर, ही एकतीस. सगळ्यांना वाटायचं, काय हिची स्मरणशक्ती! खरी गोष्ट अशी की रक्त काढताना मी बाईचा हात धरायचे, आणि हात धरला की माप कळायचंच. वहीत नंबरापुढे शेऱ्याचा रकाना मोकळाच असायचा. त्यात मी बारीक अक्षरात लिहून ठेवायचे, २.४, २.६, २.८. खोक्यावर असतात तशी इंचाची मापं, टिंबापुढचा आकडा सोळाव्या भागांचा: दोन-चार म्हणजे सव्वादोन, दोन-आठ म्हणजे अडीच. त्यापुढे एखादी खूण, मनगटावर गोंदण, करंगळी वाकडी. आपल्या धंद्यातल्या बाईला एवढं पुरे.

वही आप्पांकडे गेली. आप्पांनी समोर दिसलं ते इमानेइतबारे संगणकात उतरवलं. तिथून ते समुद्रापार गेलं. पुढच्या खेपेला मासेवाला पाहुणा आला तो कागदांची चळत घेऊनच. सगळे टेबलाभोवती बसलो. तो म्हणाला आणि मॅडमनी मराठीत सांगितलं, की दौंडच्या बायकांची एक मोजणी त्याला फार कोड्यात पाडते आहे. हिचं कुठल्या तपासणीशी काही जुळत नाही, आणि दशांशानंतर नेहमी समच आकडा येतो, विषम कधीच येत नाही. असं निसर्गात कुठे होत नाही. हे कसलं माप आहे?

भाऊ चष्मा पुसत म्हणाले, “फॅट तर न्हाई ना कुनी काढली?” आप्पा म्हणाले, “म्या समोर व्हतं ते टाइप केलं. माझा काय संबंध न्हाई.” मी खाली बघत म्हणाले, बांगडीचं माप आहे. मॅडमनी दोनदा विचारलं, कशाचं? मग त्यांनी पाहुण्याला सांगितलं, आणि तो इतका जोरात हसला की शेजारच्या खोलीतल्या बायका डोकावल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं.

“नाव लिहायचं नाही म्हणजे काय, हे तुम्हाला कळलंय का?” त्या म्हणाल्या. “ज्यावरनं बाई ओळखू येईल असं काहीच लिहायचं नाही. उद्या ही वही एखाद्या गावच्या बांगडीवालीच्या हाती लागली तर? वाकडी करंगळी आणि बांगडीचं माप, ती अर्ध्या मिनिटात सांगेल कोण ते.”

अम्मा, गावची बांगडीवाली मीच होते. पण त्या क्षणी मला मॅडम दिसत नव्हत्या, निमोण्याची ती सासू दिसत होती. परत तेच केलं मी. परत बायकांची गोष्ट माझ्या हातून घराबाहेर गेली, या वेळी तर थेट परदेशात. मी मॅडमना म्हणाले, मी उद्यापासून येत नाही, मला हे काम जमायचं नाही. आणि बोलता बोलता सगळंच सांगून बसले. तू, पेटी, गावं. निमोण्याचं तेवढं नाही सांगितलं, ते तुझं आणि माझं होतं. मॅडमनी ऐकून घेतलं. मग कपाटातून माझा तो ‘समाजकार्य’वाला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. “आजपासून हा रकाना बंद. आप्पांना सांगून संगणकातनंही काढा, वहीतलं शाईनं पुरं खोडा. चिठ्ठीचं आपण दुसरं काहीतरी बघू. आणि हा कागद खरा लिहून आणा. बायका तुमच्याशीच का बोलतात ते मला आज कळलं.” बाहेर पाहुणा थांबला होता. त्यानं मॅडमकरवी मला सांगितलं, की त्यानंही पहिल्या वेळी आपल्या कागदावर मासे लिहिले नव्हते.

मी कागद घरी आणला, पण लिहवेना. ‘बांगड्या भरणे’ लिहिलं की पुढचा रकाना ‘कुणाकडे शिकलात’, आणि तुझं नाव लिहायचं तर ज्या चुकीचं खापर तू घेतलंस तीही सोबत येणार, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. आठवडे गेले. मॅडम रोज विचारायच्या, मी रोज विसरायचे.

अशात मॅडमनी ठरवलं की ज्या बाईला स्वतःला हा आजार आहे अशी एक बाई कामावर घ्यायची. नव्यानं ज्यांना कळतं त्यांच्याशी ती बोलेल, आमच्यापेक्षा तिचं बोलणं त्यांना खरं वाटेल. दोघी तिघी येऊन गेल्या. मग एका दुपारी एक बाई आली, केंदूरहून. काटकुळी, डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागदच कागद. भाऊंनी रक्त घेतलं, मी हात धरला. सव्वादोनचा हात, पण इतका वाळलेला की हातातल्या निळ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. चेहरा मी बघितला नाही, सवयीनं. मॅडम म्हणाल्या, “यांना लिहायला वेळ लागतो, तुम्ही यांचा माहितीचा कागद भरा.” मी समोर बसले आणि वर बघितलं. निमोण्याची खालच्या आळीची सून.

मी कागद पुढे ओढला आणि पहिला प्रश्न वाचला. आधी काय काम करत होता?

“आधी म्हंजी, कवाच्या आधी?” ती म्हणाली. “आधी निमोण्यात सून व्हते. त्ये लिवता येतंय का?”

मी म्हटलं, लिहिते.

“मग मालक गेलं. माह्यारी आले, भावाच्या शेतात राबले. मग पुन्याच्या दवाखान्यात जायाला लागले, तवा रांगंतच जिंदगी गेली म्हना. कुठल्या खिडकीला कुठला कागद, कुठला सायब कवा जेवायला जातोय, समदं म्हाईत झालं. मग केंदूरच्या, पाबळच्या बाया माझ्यासंगट यायला लागल्या. त्यांना रांगंत उभं करायचं, कागद बघायचं, रडली तर बसवायचं. ह्ये काम म्हनायचं का, ताई?”

मी लिहिलं. मग दुसरा प्रश्न, जो मला स्वतःला लिहिता येत नव्हता. हे कुणाकडे शिकलात?

“शिरूरच्या एक मणेरीण व्हत्या,” ती म्हणाली. माझं पेन थांबलं. “माह्यारी कुनी माझ्या खोलीत पाऊल टाकत न्हवतं. माझी आय भाकरी दारातनं सरकवायची. भाभी म्हयन्यातनं एकदा यायच्या, पार शिरूरहून. यायच्या, बसायच्या, माझा हात हातात घ्यायच्या. पयल्यांदा आल्या तवा पेटी उघडली, तर आय दारातनं वराडली, मालक गेल्याली बाय हाय ती, काकणं कसली भरता? तर भाभी म्हनल्या, आमच्या धंद्यात हात बघत्यात, कपाळ न्हाई बघत. हिरव्या न्हाई भरल्या, निळ्या भरल्या. ह्या त्याच हायती. दोन वाढल्या, बाकी हायती. मी बोलायची, त्या नुस्तं हं म्हनायच्या. त्येच शिकले बगा. बायांशी मी बी तसंच बसते.”

मी खाली बघूनच विचारलं, त्या का यायच्या?

“पयल्याच दिशी सांगितलं त्यांनी. म्हनल्या, तुझी गोष्ट माझ्या पोरीच्या तोंडातनं फुटली. मी रांजनापाशी पानी पीत व्हते, समदं ऐकलं. तितंच तिला गप करायला पायजे व्हतं. पन तिचा संसार नुकताच मोडल्याला, चार बायांत तिला खाली बघाया लावायचं माझ्या जिवावर आलं. म्हंजी पोरगी बोलली एकदा आन् मी गप बसले ती मोठी चूक. तवा राग धरायचा तर माझ्यावर धर, तिच्यावर नगं.”

अम्मा, तू ऐकलं होतंस. तुला सगळं माहीत होतं. आता हे लिहितानाही मला हात थांबवावा लागला. इतकी वर्षं मी समजत होते की तू माझी चूक आपली मानून गेलीस, आणि तू तर ती माझीच आहे हे नीट बघून, तोलून, मग उचलली होतीस. मला किती हलकं वाटलं हे तुला कसं सांगू? कुणी फसलं नव्हतं. तू फसली नव्हतीस. आणि केंदूरला मला नेत नव्हतीस ते भरोसा नव्हता म्हणून नाही, तिच्यासमोर मला उभं करायचं नव्हतं म्हणून.

मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “ती पोरगी मीच.”

“मला म्हाईत हाय,” ती म्हणाली. “मगाशी रक्त देताना हात धरला नव्हं तुमी, अंगठ्याच्या बुडाला दाबून? तवाच वळखलं. भाभी बी आसंच धरायच्या.”

“राग नाही आला?”

“व्हता की. लई व्हता. तुमी म्होरं आला असता तर झिंज्याच उपटल्या असत्या.” ती हसली, पहिल्यांदाच. “पन भाभी दर म्हयन्याला यायच्या. त्यांच्याम्होरं किती दिस रागवायचं? आन् त्या गेल्याचं मला कुनी सांगितलं न्हाई. तीन म्हयनं वाट बघितली मी.” मग तिनं डोळे पदरानं टिपले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. “लिवा ताई, फारम पुरं करा. मला साडेचारची गाडी हाय.”

मी लिहिलं, ‘प्रशिक्षण: शिरूर येथील बांगडीवालीकडे, महिन्यातून एकदा.’ माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या,” आणि माझ्या हातातून कागद घेऊन सावकाश सही केली. ती गेल्यावर मी आत जाऊन माठातलं पाणी प्यायले, दोन तांबे. भाऊ म्हणाले, “ताई, डोळं लाल झाल्यात. काय झालं?” मी म्हटलं, काही नाही, चांगलं झालं. त्यांनी नेहमीप्रमाणे विश्वास ठेवला नाही.

त्याच संध्याकाळी मी माझाही कागद लिहिला. ‘पूर्वीचे काम: बांगड्या भरणे. कुणाकडे शिकलात: आईकडे. आईचा व्यवसाय: बांगड्या भरणे, शिरूर व आसपासची गावे.’ मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “दोघींचं शिक्षण एकाच ठिकाणी झालेलं दिसतंय.” मी म्हटलं, हो मॅडम. पुढच्या खेपेला पाहुण्यानं विचारलं म्हणे, की ही शिरूरची संस्था अजून सुरू आहे का, आणखी दोन माणसं तिथून मिळतील का. मॅडमनी त्याला काय सांगितलं मला माहीत नाही. माझ्या कागदाची कार्बन प्रत मी घरी आणून तुझ्या पेटीत ठेवली, तीच आज सापडली.

ते काम पुढे संपलं. भाड्याचं घर मालकानं परत घेतलं, आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. मॅडम आपल्या गावी गेल्या, आप्पा थकले. ती मात्र आहे, अम्मा. सरकारी गोळ्या मिळायला लागल्या तेव्हा पहिल्या रांगेत तीच उभी होती, आणि मागे तिनं उभ्या केलेल्या बायका. आमच्याकडे कामाला होती तेव्हा नव्या बाईला ती आत घेऊन बसायची आणि बाहेर फक्त तिचं ‘हं’ ऐकू यायचं. मी दाराबाहेर उभी राहून ऐकायचे. वाटायचं तू आत बसली आहेस. आता तिच्या अंगावर मांस चढलंय, पायऱ्या चढताना धाप लागते तर मलाच शिव्या देते की तुझं घर उंचावर का. मी बांगड्या कुणालाच भरत नाही, तिला एकटीला भरते. तुझ्या या निळ्या माळेतली सव्वादोनची मी मगाशी हातात घेतली आणि हसू आलं. तिला ती आता अंगठ्यापुढे जायची नाही. अडीच लागते तिला, आणि तीही साबण लावून.

एवढं सगळं लिहिलं, चार कागद झाले, आणि आत्ता माझ्या लक्षात आलं. तिनं जे मला सांगितलं ते मी तुला सांगितलं. त्यातलं तुला पुष्कळ आधीच ठाऊक, आणि तू आता कुणाच्या ओसरीत जाऊन बोलणार नाहीस, हे सगळं खरं. तरी तिची गोष्ट कागदावर उतरली, आणि हा कागद रंगवाल्याच्या हाती लागू शकतो, माझ्यामागे कुणाच्याही लागू शकतो. आधी विचारायचं, मग लिहायचं. वीस वेळा घोकून घेतलं होतं. येत्या गुरुवारी ती यायची आहे, बांगड्या भरून घ्यायला. तिचा हात हातात घेतला की विचारीन. हो म्हणाली तर हे पत्र इथेच तुझ्या पेटीत राहील, नको म्हणाली तर तिच्यासमोर फाडीन, आणि तोवर पेटीला कुलूप लावून किल्ली माझ्या कमरेला. आज मात्र खरं ते सांगते, अम्मा. मी तिला अजून विचारलेलं नाही.